बारिस्टर जॉन ह्यूबर्ट प्लंकेट

आस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स ही त्या काळी ब्रिटिश कैद्यांस काळ्या पाण्यावर धाडण्याची वसाहत होती. आयर्लंडात १८०२ साली जन्मलेले बारिस्टर प्लंकेट १८३२ त तेथे गेले व १८३६ त मुख्य सरकारी वकील झाले. त्यांनी कायदे पुष्कळ रचले. आम्ही येथे एकाच खटल्याची हकीकत सांगतो.

ता. १० जून १८३८ रोजी मायॉल क्रीक येथे घोड्यांवरून आलेल्या १२ जणांनी सुमारे २८ मूळ रहिवाशांस, बहुतेक बायका, मुले व वृद्ध, दोराने बांधून नेले, कापून काढले आणि प्रेते जाळली. ११ जण धरले गेले. जमीनदारांनी वर्गणी करून त्यांस वकील दिले, आणि ज्यूरीने थोडक्या मिनिटांत त्यांस निर्दोषी ठरविले. प्लंकेट यांनी त्यांस मोकळे होऊ दिले नाही. ७ जणांवर एका बालकाच्या खुनाचा वेगळा आरोप ठेवून त्यांनी दुसऱ्या ज्यूरीपुढे खटला उभा केला. मुख्य साक्षीदार अँडरसन, झोपडीचा राखणदार, स्वतः कैदी होता. तरी तो डगमगला नाही, हे आम्हांस विशेष वाटते. सातही जण दोषी ठरले व १८ डिसेंबरास फाशी गेले.

उरलेले ४ सुटले. त्यांच्याविरुद्ध डेव्ही नामक मूळ रहिवाशाची साक्ष हवी होती. परंतु ख्रिस्ती शपथेचा अर्थ ज्यास कळत नाही त्याचे म्हणणे न्यायालय ऐकत नसे. हा नियम बदलण्यास प्लंकेट झटले. १८३९ चा कायदा विलायत सरकारने नामंजूर केला. १८४४ व १८४९ चे मसुदे तेथील कौन्सिलाने फेटाळले. १८६९ त ते मेलबर्न येथे वारले. नियम बदलला तो १८७६ त.