टिळकांना जामीन देणारे न्यायमूर्ती

मुंबईत सीएसएमटी स्थानकातून बाहेर पडले की समोरच्या रस्त्यावर अंजुमन-ए-इस्लाम या शिक्षणसंस्थेची जुनी इमारत दिसते. लोकलच्या घाईत असलेले हजारो लोक रोज तिच्यावरून नजर फिरवून पुढे जातात. ही संस्था उभी करणाऱ्यांत एक माणूस असा होता, की ज्याची आठवण रमजानच्या या दिवसांत सगळ्यांनी मिळून काढावी. त्यांचे नाव बदरुद्दीन तय्यबजी.

बदरुद्दीन यांचा जन्म १० ऑक्टोबर १८४४ रोजी मुंबईत झाला. घराणे मूळचे खंबायतचे, सुलेमानी बोहरा समाजातले. वडील व्यापारी होते, पण मुलांनी केवळ पेढीवर बसावे असे त्यांना वाटत नव्हते. बदरुद्दीन आधी मदरशात उर्दू-फारसी शिकले, मग एल्फिन्स्टनमध्ये गेले आणि १८६० मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, इंग्लंडला रवाना झाले. थोरले बंधू कमरुद्दीन तिथेच शिकून सॉलिसिटर झाले होते. बदरुद्दीन यांची दृष्टी मात्र अधू होती. डोळ्यांच्या दुखण्यामुळे त्यांना शिक्षण मध्येच सोडून मुंबईला परतावे लागले. काही काळाने ते पुन्हा लंडनला गेले आणि १८६७ मध्ये बॅरिस्टर होऊनच परतले. मुंबई हायकोर्टात वकिली करणारे ते पहिले हिंदी बॅरिस्टर. तोवर तिथले सारे बॅरिस्टर गोरे होते.

वकिली जम धरत असतानाच त्यांनी सार्वजनिक कामात पाऊल टाकले. १८७३ मध्ये ते मुंबई महापालिकेवर निवडून गेले, तर १८८२ मध्ये प्रांताच्या कायदेमंडळाचे सदस्य झाले. पुढच्याच वर्षी इल्बर्ट विधेयकाचा वाद पेटला. गोऱ्या आरोपींचे खटले हिंदी न्यायाधीशांपुढे चालावेत की नाही, असा तो प्रश्न होता. मुंबईत विधेयकाच्या बाजूने जे लोक ठामपणे बोलले, त्यांत तय्यबजी होते. फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्याबरोबर त्यांनी १८८५ मध्ये बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन स्थापन केली. एक पारशी, एक हिंदू आणि एक मुसलमान अशी ही तीन वकिलांची जोडी मुंबईच्या सार्वजनिक जीवनाची पुढारी मानली जाई.

आपल्या समाजाच्या मागासलेपणाची त्यांना खंत होती. तिच्यावर त्यांनी शोधलेला उपाय होता शाळा. अंजुमन-ए-इस्लामची स्थापना १८७४ मध्ये झाली. तय्यबजी आधी तिचे चिटणीस आणि नंतर अखेरपर्यंत अध्यक्ष राहिले. मुलांना उर्दूबरोबर इंग्रजी आणि आधुनिक विषय यायलाच हवेत, हा त्यांचा आग्रह होता.

१८८७ च्या डिसेंबरात मद्रासला काँग्रेसचे तिसरे अधिवेशन भरले, तेव्हा तय्यबजी अध्यक्ष होते. काँग्रेसचे ते पहिले मुस्लिम अध्यक्ष. अलीगढच्या सर सय्यद अहमद खान यांना मुसलमानांनी काँग्रेसमध्ये जाणे पसंत नव्हते. दोघांत जाहीर मतभेद झाले, पत्रे गेली-आली. तय्यबजी यांचे म्हणणे साधे होते. जे प्रश्न सगळ्या देशाचे आहेत, ते सगळ्यांनी मिळून मांडावेत. एखाद्या समाजाचा वेगळा प्रश्न असेल, तर तो त्या समाजाने आपल्या परीने सोडवावा. सर सय्यद यांच्या शिक्षणकार्याबद्दल त्यांना आदर होता, पण म्हणून त्यांनी आपले मत सोडले नाही.

१८९५ मध्ये ते मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. खरी परीक्षा दोन वर्षांनी आली. पुण्यात प्लेग होता. २२ जून १८९७ रोजी रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. सरकार चवताळले होते. ‘केसरी’तल्या लिखाणावरून लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला आणि २७ जुलैला त्यांना मुंबईत अटक झाली. मॅजिस्ट्रेटने जामीन नाकारला. हायकोर्टातही एकदा अर्ज फेटाळला गेला. खटला सत्र न्यायालयाकडे गेल्यावर पुन्हा अर्ज झाला, तो तय्यबजी यांच्यापुढे.

त्या वेळचे वातावरण आठवायला हवे. मुंबईतल्या १८९३ च्या हिंदू-मुस्लिम दंग्याला चारच वर्षे झाली होती. त्या काळातल्या ‘केसरी’च्या लिखाणाने अनेक मुसलमान दुखावले होते. राजकारणातही तय्यबजी मवाळ, तर टिळक जहाल. अर्ज फेटाळला असता तर सरकार खूश झाले असते आणि कोणाला नवलही वाटले नसते. तय्यबजी यांनी एवढेच पाहिले की आरोपी खटल्याला हजर राहील का, आणि कोठडीत बसून त्याला आपल्या बचावाची नीट तयारी करता येईल का. ४ ऑगस्ट १८९७ रोजी त्यांनी टिळकांना जामीन दिला.

पुढे सप्टेंबरात न्या. स्ट्रेची यांच्यापुढे खटला चालला. ज्युरीत सहा गोरे आणि तीन हिंदी होते. सहांनी दोषी म्हटले, तिघांनी निर्दोष. टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. जामिनाने शिक्षा टळली नाही, पण माणूस मोकळेपणाने आपल्या वकिलांना भेटू शकला, कागद पाहू शकला. या जामिनासाठी टिळकांची बाजू मांडणारे बॅरिस्टर दावर पुढे स्वतः न्यायमूर्ती झाले. १९०८ च्या खटल्यात त्यांनीच टिळकांना जामीन नाकारला आणि सहा वर्षांची शिक्षा दिली. खुर्चीवर बसल्यावर माणूस कसा वागतो, हे खुर्ची नव्हे, माणूस ठरवतो.

१९०२ मध्ये तय्यबजी यांनी हंगामी मुख्य न्यायमूर्तीचे काम पाहिले. १९०३ मध्ये मुंबईत भरलेल्या मुस्लिम शैक्षणिक परिषदेचे अध्यक्ष म्हणून त्यांनी मुलींच्या शिक्षणाचा पुरस्कार केला आणि पडद्याच्या अतिरेकावर टीका केली. त्याची सुरुवात त्यांनी स्वतःच्या घरापासून केली होती. मुलींना शिकवले, शिक्षणासाठी परदेशीही पाठवले. यावरून समाजातल्या अनेकांचा रोष त्यांनी सोसला. १९ ऑगस्ट १९०६ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

इस्लाममध्ये न्यायाला ‘अदल’ म्हणतात. ज्याच्याशी आपले पटत नाही, त्याच्याशीही न्यायानेच वागावे, ही कुरआनची शिकवण आहे. आपल्या माणसाला न्याय देणे सोपे असते. कसोटी लागते ती समोर परका किंवा विरोधक उभा असतो तेव्हा. रोजा दिवसभर भूक-तहान सोसायला लावतो, तो मनातल्या रागावर आणि आवडी-निवडीवरही ताबा यावा म्हणून.

आजही आपल्या तुरुंगांत बहुसंख्य लोक कच्चे कैदी आहेत. त्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा आहे. त्यांत सर्व धर्मांची माणसे आहेत आणि बहुतेक गरीब आहेत. त्यांच्या मागे टिळकांसारखे नाव नाही, नामवंत बॅरिस्टर नाही. त्यांच्या घरचे लोक सणासुदीला, ईदला, तारखेची वाट पाहत बसतात. एका ऑगस्टात मुंबईच्या एका न्यायमूर्तींनी विचारलेला प्रश्न त्यांच्यासाठीही कोणीतरी रोज विचारायला हवा.