वकिली सोडली, पहिला धंदा बुडाला, पण घराघराच्या कडी-कोयंड्यावर त्यांचं नाव लटकलं

बुलढाणा जिल्ह्यातलं देऊळगाव राजा म्हणजे बालाजीचं गाव. या भागातल्या एखाद्या जुन्या वाड्याचं दार आठवून बघा. जाड सागवानी फळ्या, त्यावर लोखंडी पट्ट्या, मोठ्या दरवाजात माणूस वाकून आत जाईल एवढा दिंडी दरवाजा आणि आतून भिंतीतल्या खोबणीत सरकवायचा लाकडी अडसर. रात्री अडसर पडला की बाहेरच्याने कितीही धडका मारू देत, दार हलायचं नाही. जवळच सिंदखेड राजाला लखुजीराव जाधवांच्या राजवाड्याचं प्रवेशद्वार पाहिलं की कळतं, त्या काळी दार म्हणजे घराची तटबंदीच होती.

पण या अडसराची एक मोठी गोची होती. तो फक्त आतूनच लागतो.

म्हणजे घर सांभाळायला घरात कुणीतरी पाहिजे. भरल्या वाड्यात आजी, सुना, गडीमाणसं, कुणी ना कुणी असायचंच. पण सगळीच माणसं बाहेर पडली तर? लग्नाला, यात्रेला, शेतावर, नोकरीला? तेव्हा सगळा भरवसा बाहेरून लटकवलेल्या कुलपावर. आजही आपण गावाला निघताना कुलूप लावतो, दोनदा ओढून बघतो आणि कोपऱ्यापर्यंत गेल्यावर परत येऊन तिसऱ्यांदा ओढतो.

कुलूप ओढून बघितल्यावर मनाला जी शांतता मिळते, ती सामान्य भारतीय माणसाला परवडेल अशा देशी कुलपात देण्याचं काम एका माणसाने आयुष्यभर केलं. ते म्हणजे अर्देशीर गोदरेज.

अर्देशीर यांचा जन्म २६ मार्च १८६८ ला मुंबईतल्या एका पारशी कुटुंबात झाला. वडील बुर्जोरजी, आजोबा सोराबजी. घरचा व्यवसाय जमीनजुमल्याचा, त्यामुळे खाऊनपिऊन सुखी घर. कुटुंबाचं मूळ आडनाव गुथेराजी. अर्देशीर तीन वर्षांचे असताना, १८७१ मध्ये, वडिलांनी ते बदलून गोदरेज केलं. सहा भावंडांमध्ये अर्देशीर सगळ्यात थोरले.

१८९० मध्ये त्यांचं बचुबाईंशी लग्न झालं. संसाराला जेमतेम वर्ष होतंय तोच एप्रिल १८९१ मध्ये मुंबई हादरली. बचुबाई आणि नात्यातली आणखी एक तरुणी मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर बघायला गेल्या होत्या. दोघींचाही टॉवरवरून खाली पडून मृत्यू झाला. त्यांच्यावर कुणीतरी हात टाकायचा प्रयत्न केला आणि अब्रू वाचवायला त्यांनी उडी घेतली, अशी चर्चा शहरभर होती. खटला उभा राहिला, पेपर रकानेच्या रकाने भरून छापत राहिले. शेवटी पुराव्याअभावी आरोपी सुटला.

अर्देशीर तेव्हा तेवीस वर्षांचे होते आणि कायद्याचं शिक्षण घेत होते. ज्या कायद्याची पुस्तकं ते वाचत होते, त्याच कायद्याला आपल्या बायकोच्या मृत्यूचं खरं कारण शोधता आलं नाही, हे त्यांनी उघड्या डोळ्यांनी पाहिलं. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. त्यांना मूलबाळही नव्हतं.

१८९४ मध्ये शिक्षण संपलं आणि एका खटल्यासाठी त्यांना थेट आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, झांझिबारला पाठवण्यात आलं. सुरुवात चांगली झाली. पण खटला जिंकायचा तर खऱ्याला मुरड घालावी लागणार, हे काही दिवसांत लक्षात आलं. अर्देशीर यांनी ते करायला नकार दिला. खटला सोडला, मुंबई गाठली आणि वकिलीला कायमचा रामराम ठोकला.

आता पोटापाण्याचं काय? ते एका औषधाच्या दुकानात मदतनीस म्हणून लागले. तिथे त्यांच्या लक्षात आलं की ऑपरेशनला लागणारी हत्यारं सगळी परदेशातून येतात. ती इथेच का बनवू नयेत? वडिलांचे स्नेही मेरवानजी कामा यांच्याकडून त्यांनी ३,००० रुपये कर्ज घेतलं आणि चाकू, कात्र्या, चिमटे बनवायला सुरुवात केली.

माल चांगला झाला. गिऱ्हाइकालाही पसंत पडला. पण त्याची एकच अट होती, मालावर भारतात बनल्याचा शिक्का नको, परदेशी नाव पाहिजे. देशी म्हटलं की कुणी घेणार नाही, असं त्याचं म्हणणं. अर्देशीर यांनी शिक्का काढला नाही. गिऱ्हाईक गेलं आणि धंदा बसला.

वकिली गेली, पहिला धंदा गेला, डोक्यावर कर्ज. वय २९ च्या आसपास.

अशातच त्यांच्या हाती वर्तमानपत्रातली एक बातमी आली. मुंबईत घरफोड्या वाढल्या होत्या आणि लोकांनी आपापल्या घरादाराचा नीट बंदोबस्त करावा, असं पोलिसांनी सांगितलं होतं.

तेव्हाची मुंबई डोळ्यांसमोर आणा. गिरण्यांमुळे माणसांनी फुगलेलं शहर. कामगार दिवसभर पाळीवर, खोलीला बाहेरून कुलूप. त्यात सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग सापडला आणि पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक घरं बंद करून गावाकडे पळाले. शहर बंद दारांचं झालं होतं आणि त्या दारांवर कुलपं कुठली? एक तर गावठी कारागिरांनी हाताने घडवलेली, ज्यातली कित्येक साध्या वाकवलेल्या तारेने उघडायची. नाहीतर इंग्लंडहून आलेली महागडी, जी खोलीवाल्याला परवडायची नाहीत.

अर्देशीर पुन्हा कामांकडे गेले. एक धंदा बुडवून आलेल्या पोराला कुणी दुसऱ्यांदा पैसे देईल का? कामांनी दिले.

७ मे १८९७ ला लालबागमध्ये, गॅस कंपनीच्या शेजारी, २१५ चौरस फुटांच्या शेडमध्ये डझनभर कारागिरांना घेऊन काम सुरू झालं. २१५ चौरस फूट म्हणजे आजच्या वन आरके एवढी जागा. गोदरेज समूह आपली सुरुवात याच दिवसापासून मोजतो.

आता कुलपात अवघड ते काय? तर चांगल्या कुलपाच्या पोटात पितळेच्या किंवा लोखंडाच्या पातळ पट्ट्या असतात. त्यांना लिव्हर म्हणतात. किल्लीचा प्रत्येक दाता एकेक पट्टी उचलतो. प्रत्येक पट्टी नेमक्या उंचीवर आली तरच आतला खटका सरकतो. एक जरी पट्टी केसभर कमी किंवा जास्त उचलली गेली तरी कुलूप ढिम्म हलत नाही. त्यामुळे पट्ट्या जितक्या जास्त आणि काम जितकं बारीक, तितकी चोराची पंचाईत मोठी. हाताने ठोकून घडवलेल्या कुलपात ही बारकाई येणं कठीण होतं. अर्देशीर यांचा भर अचूक कामावर होता.

त्यांच्या पहिल्या कुलपांचं नाव होतं अँकर. प्रत्येक कुलपासोबत छापील हमी मिळायची की या कुलपाला त्याच्या स्वतःच्या किल्लीशिवाय दुसरी कुठलीही किल्ली लागणार नाही. देशी माल म्हणजे हलका माल, या समजुतीला दिलेलं ते लेखी उत्तर होतं.

मग आलं गॉर्डियन. याला दोन किल्ल्या. दुसरी किल्ली वापरून कुलपाची आतली रचनाच बदलता यायची, म्हणजे पहिली किल्ली निकामी. नोकराने किल्लीचा छाप घेऊन डुप्लिकेट बनवली तरी मालकाला कुलूप फेकायची गरज नाही.

त्यानंतर डिटेक्टर. चुकीची किल्ली घातली की आतला आणखी एक खटका पडायचा आणि कुलूप अडकून बसायचं. मालकाने आपली किल्ली आधी बंद करायच्या दिशेने फिरवली की मगच ते उघडायचं. त्यामुळे आपल्या माघारी कुणीतरी खटपट करून गेलंय, हे मालकाला कळायचं. मूळ कल्पना इंग्लंडमधली, तिथे जेरेमाया चब यांनी १८१८ मध्येच असं कुलूप बनवलं होतं. पण ती लालबागच्या शेडमध्ये बनून देशी गिऱ्हाइकापर्यंत जाणं ही नवी गोष्ट होती. पुढे कुलपातली सगळ्यात आधी मोडणारी वस्तू, म्हणजे स्प्रिंग, काढून टाकून चालणारं कुलूपही त्यांनी बनवलं आणि त्याचं पेटंट घेतलं.

पण दार मजबूत झालं तरी चोर आत येणारच नाही असं नाही, आणि आगीला तर कुलूप अडवतच नाही. म्हणून अर्देशीर तिजोरीकडे वळले. १९०२ मध्ये पहिली तिजोरी बाजारात आली. चोर पहारीचं टोक सांध्यात घालतो, म्हणून सांधे कमीत कमी ठेवायचे आणि आतला ऐवज आगीतही टिकला पाहिजे, यावर त्यांनी डोकं लावलं. १९०६ मध्ये १४ वर्षांनी लहान असलेला भाऊ पिरोजशा धंद्यात आला. कामा यांच्या नात्यातले बॉईस काही काळ भागीदार होते. ते लवकरच बाहेर पडले, पण कर्ज देणाऱ्या कुटुंबाची आठवण म्हणून की काय, गोदरेज अँड बॉईस हे नाव आजही टिकून आहे.

१९१८ मध्ये त्यांनी प्राण्यांची चरबी न वापरता वनस्पती तेलापासून साबण बनवला. त्याचं नाव काय ठेवलं असेल? चावी! माणूस साबणात गेला तरी कुलूप काही डोक्यातून गेलं नाही.

स्वदेशीबद्दल त्यांचं मत मात्र अनेकांना झोंबणारं होतं. केवळ देशी आहे म्हणून लोकांनी वाईट वस्तू सहन करावी, हे त्यांना मान्य नव्हतं. माल परदेशी मालाच्या तोडीचा असेल तरच तो विकायचा हक्क आहे, अशी त्यांची भूमिका. याचा अर्थ ते चळवळीपासून लांब होते असा नाही. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडाला त्यांनी तब्बल ३ लाख रुपये दिले.

उतारवयात सगळा कारभार पिरोजशांच्या हाती सोपवून ते नाशिकला शेती करायला निघून गेले. जानेवारी १९३६ मध्ये त्यांचं निधन झालं. १४ एप्रिल १९४४ ला मुंबई गोदीत भीषण स्फोट झाला, तेव्हा आगीतून निघालेल्या गोदरेजच्या तिजोऱ्यांमधली कागदपत्रं शाबूत होती, असं सांगितलं जातं. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी लाखो मतपेट्या विक्रोळीच्या कारखान्यात बनल्या. घराच्या राखणीपासून सुरू झालेलं काम मतांच्या राखणीपर्यंत गेलं. ते बघायला अर्देशीर नव्हते.

आता आपल्या दाराकडे येऊ. कुलपाच्या पाकिटावर सहा लिव्हर, सात लिव्हर असं छापलेलं असतं, त्याचा अर्थ वर आलाच आहे. पण चोर बऱ्याचदा कुलपाशी झटापट करतच नाही. तो पहार घालून कोयंडाच उचकटतो. चार बारीक स्क्रूंवर बसवलेल्या कोयंड्याला हजार रुपयांचं कुलूप लावून उपयोग नाही. तो चौकटीतून आरपार बोल्टने बसवा, नाहीतर दारातच बसणारं कुलूप घ्या. पुढच्या दाराला एवढं जपताना परसदार आणि न्हाणीची खिडकी विसरू नका. खिडकीच्या जाळीचे स्क्रू बाहेरून फिरवता येत असतील तर ती जाळी चोराला अडवणार नाही. आणि गावाला जाताना शेजाऱ्याला सांगून जा.

कारण अडसराच्या काळात घरात कुणीतरी असायचं. आज तसं कुणी नसतं, आणि तो भरवसा आपण दारावरच्या कुलपावर टाकतो. कोपऱ्यावरून परत येऊन कुलूप तिसऱ्यांदा ओढून बघाल, तेव्हा लालबागच्या त्या २१५ चौरस फुटांच्या शेडची आठवण ठेवा.