सर्पगंधेचं मूळ आणि मुंबईचे डॉक्टर वकील

१९४५ साली अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट मेंदूत रक्तस्राव होऊन गेले. बीपी कित्येक वर्षं वाढलेलं होतं; पण एवढ्या बलाढ्य माणसाच्या डॉक्टरांकडेही त्यावर धड औषध नव्हतं.

त्याच काळात मुंबईच्या केईएममध्ये डॉ. रुस्तम जाल वकील हे पारशी हृदयरोगतज्ज्ञ काम करत होते. आडनाव वकील, पेशा डॉक्टरकीचा! लंडनला शिकलेला हा माणूस बीपीच्या रुग्णांना सर्पगंधेच्या मुळाच्या गोळ्या देत होता. आपल्याकडे हे मूळ सर्पदंशावर आणि वेडावर पूर्वापार वापरत. त्यानं बीपी उतरतं, हे कलकत्त्याच्या सेन आणि बोस यांनी १९३१ मध्येच लिहिलं होतं. परदेशात मात्र कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

वकिलांनी ५० रुग्णांच्या नोंदी ठेवल्या आणि १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापल्या. मग चक्रं फिरली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीनं या मुळातून रेसरपिन वेगळं काढलं. १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला, पुढच्याच वर्षी पद्मभूषण.

रेसरपिननं काहींना नैराश्य येतं, असं पुढे दिसलं आणि नवी औषधं आल्यावर ते मागे पडलं. डॉ. वकील १९७४ मध्ये गेले.