क्रूझ कंट्रोल शोधणाऱ्याला रस्ता दिसतच नव्हता

हायवेवर क्रूझ कंट्रोल लावला की पायाला आराम. विनाचालक गाड्यांकडे जाणाऱ्या वाटेवरचं हे एक जुनं पाऊल. ते टाकणारे राल्फ टीटॉर लहानपणापासून पूर्ण अंध होते.

१८९० साली अमेरिकेच्या इंडियाना राज्यातल्या हेगर्सटाउन गावात त्यांचा जन्म झाला. पाच वर्षांचा असताना राल्फच्या डोळ्याला चाकू लागला आणि वर्षभरात दोन्ही डोळे गेले. घरच्यांनी त्याला बिचारा म्हणून वाढवलं नाही. बाराव्या वर्षी पोराने इंजिनावर चालणारी गाडी बनवली! १९१२ मध्ये त्यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून मेकॅनिकल इंजिनिअरिंग पूर्ण केलं. पहिल्या महायुद्धात युद्धनौकांच्या टर्बाइनचे रोटर बॅलन्स करायचं किचकट काम त्यांनी सोडवलं. १९३६ मध्ये तर ते अमेरिकेतल्या ऑटोमोबाईल इंजिनिअरांच्या संघटनेचे अध्यक्ष झाले.

आता मुख्य किस्सा. त्यांच्या वकिलाला गाडी चालवताना बोलायची सवय. बोलताना गाडी हळू, ऐकताना फास्ट. गाडीचे हे हिसके बाजूला बसलेल्या टीटॉर यांना अंगावर जाणवायचे. वैतागून त्यांनी ठरवलं, वेग स्थिर ठेवणारं यंत्र करायचं. १९५० मध्ये पेटंट मिळालं.

त्यातली भारी गोष्ट वेगळीच आहे. डॅशबोर्डवर वेग ठरवायचा. गाडीने तो गाठला की अ‍ॅक्सिलरेटर पायाला उलटा दाब द्यायचा. म्हणजे आकडा बघायची गरज नाही, पायालाच कळतं. खिशातला फोन व्हायब्रेट झाला की तो न काढताच कळतं ना, तसंच. १९५८ मध्ये क्रायस्लरने हे यंत्र गाड्यांमध्ये दिलं, आणि पुढे कॅडिलॅकने वापरलेलं क्रूझ कंट्रोल हे नाव सगळीकडे रुळलं.

आज विनाचालक गाडीने पादचाऱ्याला थांबतेय हे कसं सांगायचं, यावर बरंच डोकं लावलं जातंय. ड्रायव्हरच नाही, मग नजरानजर कुणाशी करणार? बऱ्याच कल्पना दिव्यांच्या आणि स्क्रीनच्या: समोर पट्टी उजळेल, अक्षरं येतील. पांढरी काठी घेऊन उभ्या माणसाला त्याचा काय उपयोग? लहान मुलाला तरी ती अक्षरं कुठे वाचता येतात? त्यात इलेक्ट्रिक गाडी हळू असताना जवळजवळ आवाजच करत नाही. म्हणून युरोपात ताशी २० किलोमीटरपर्यंत तिला मुद्दाम आवाज करावा लागतो. पण गाडी आहे हे कळणं वेगळं आणि ती आपल्यासाठी थांबलीय हे कळणं वेगळं. हे दुसरं कोडं सोडवणाऱ्या टीममध्ये एखादा अंध इंजिनिअर हवाच, असं मला वाटतं.

टीटॉर १९८२ मध्ये गेले. सहा वर्षांनी अमेरिकेच्या ऑटोमोटिव्ह हॉल ऑफ फेममध्ये त्यांचं नाव लागलं.