जागा कोणाची? – अनागारिक धर्मपाल

आमच्या घरात सातबारा नाही. वडिलांचा सारा जन्म दुसऱ्याच्या वावरात राबण्यात गेला. पण कागदावर त्यांचे नाव कधी लागले नाही. म्हणून कोणाचेही चरित्र वाचताना त्यातली जमिनीची गोष्ट मला आधी दिसते. अनागारिक धर्मपालांचे चरित्र मी असेच वाचले.

त्यांचा जन्म १७ सप्टेंबर १८६४ रोजी कोलंबोच्या सधन व्यापारी घराण्यात झाला. मूळ नाव डॉन डेव्हिड हेवावितरणे. जानेवारी १८९१ मध्ये ते बुद्धगयेला आले. महाबोधी मंदिराची दुरुस्ती सरकारने काही वर्षांपूर्वीच केली होती. पण ताबा होता शैव महंतांकडे. बुद्धाला जेथे ज्ञान झाले तेथे बौद्ध माणूस पाहुणा! हे त्या तरुणाच्या मनाला लागले. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी कोलंबोत महाबोधी सोसायटी स्थापन केली. जागा विकत घेण्याचे प्रयत्न मात्र फसले.

२५ फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी जपानहून आलेली बुद्धमूर्ती मंदिराच्या वरच्या मजल्यावर बसविली. महंतांच्या माणसांनी ती तेथून हलविली. गयेच्या कोर्टाने त्या माणसांना शिक्षा दिली, कलकत्ता हायकोर्टाने सोडून दिले. श्रद्धेपेक्षा वहिवाट जड ठरली.

धर्मपाल खचले नाहीत. त्यांनी सारनाथला मूलगंधकुटी विहार उभारला. तो १९३१ मध्ये पुरा झाला. १९३३ मध्ये भिक्खू होऊन २९ एप्रिलला त्यांनी तेथेच देह ठेवला. बुद्धगयेचा प्रश्न तसाच राहिला होता.

पुढे १९४९ मध्ये बिहारात कायदा झाला. जिल्हाधिकारी अध्यक्ष, चार बौद्ध व चार हिंदू सभासद अशी समिती नेमण्याचे ठरले, आणि १९५३ मध्ये कारभार तिच्याकडे आला. अध्यक्ष हिंदूच असावा ही अट २०१३ मध्ये गेली. तरी संपूर्ण व्यवस्था बौद्धांकडे द्यावी, ही मागणी संपलेली नाही.

महंतांच्या गादीने ती जागा शतकानुशतके सांभाळली, हेही नाकारता येत नाही. पण सांभाळणाऱ्याचा हक्क मोठा असेल, तर वावर सांभाळणाऱ्या माझ्या वडिलांचा हक्क कोठे गेला? वहिवाटीचा न्याय बहुधा बळवंतालाच मिळतो. धर्मपालांना जागा मिळाली नाही. पण ती कोणाची, हा प्रश्न त्यांनी कोणाला विसरू दिला नाही. आमच्या गावात तो प्रश्न अजून कोणी विचारलेलाच नाही.