बालवीरांचे आद्य गुरु : लॉर्ड बेडन-पॉवेल

खाकी गणवेष, गळ्यांत रुमाल, बाहीवर ओळीनें शिवलेले बिल्ले आणि हस्तांदोलनासाठीं पुढें केलेला डावा हात, एवढें पाहिलें कीं हा बालवीर आहे हें कोणीहि ओळखतो. परंतु ही चळवळ ज्यांच्या कल्पनेंतून निघाली ते पुरुष कोण होते, आणि एका सेनापतीस मुलांचा हा खटाटोप कशासाठीं करावासा वाटला, हें फारच थोड्यांस ठाऊक असतें. त्यांच्या चरित्रांत अनुकरणीय असें पुष्कळ आहे. कांहीं उणेंहि आहे. दोन्ही ध्यानांत घेऊनच तें वाचलें पाहिजे.

रॉबर्ट बेडन-पॉवेल यांचा जन्म २२ फेब्रुवारी १८५७ रोजीं लंडन शहरीं झाला. त्यांचे वडील धर्मोपदेशक असून ऑक्सफर्ड येथें भूमितीचे प्राध्यापक होते. रॉबर्ट अवघा तीन वर्षांचा असतां, १८६० सालीं, ते निवर्तले आणि मुलांच्या संगोपनाचा सारा भार आई हेन्रिएटा ग्रेस हिच्यावर पडला. ही बाई एका आरमारी अधिकाऱ्याची कन्या. तिनें घरची शिस्त ढिली होऊं दिली नाहीं. पण मुलांना पदराखालीं झांकूनहि ठेविलें नाहीं. सुट्टींत हे भाऊ थोरल्या वॉरिंग्टनच्या हुकमतीखालीं नौका घेऊन समुद्रावर जात. पितृहीन मुलांना वादळवाऱ्यांत पाठवितांना त्या माउलीचें काळीज कांपलें नसेल असें नाहीं. परंतु तिनें त्यांच्यावर विश्वास टाकला. हा विश्वासच पुढें रॉबर्टच्या सर्व कार्याचा पाया झाला, असें मला वाटतें.

१८७० सालीं रॉबर्ट चार्टरहाउस या शाळेंत दाखल झाला. दोन वर्षांनीं ही शाळा लंडनहून गोडाल्मिंग येथें गेली. तेथें शाळेलगत एक झाडी होती. मुलांनीं तेथें जाऊं नये असा नियम असल्यानें रॉबर्टला तिचीच ओढ लागली! तेथें तो ससे धरी, आणि शिक्षकांस धूर दिसूं नये म्हणून धूर न होणारा लहानसा विस्तव करून त्यावर ते भाजी. नियम मोडण्याचें समर्थन आम्हां शिक्षकांच्या तोंडून होणार नाहीं. तथापि पाऊल न वाजवितां चालणें, बारीक खुणा टिपणें, ही विद्या त्याला वर्गांत नव्हे, त्या झाडींत मिळाली. पुस्तकी अभ्यासांत तो सामान्यच होता. ऑक्सफर्डच्या प्रवेशपरीक्षेंत त्याला अपयश आलें. पण १८७६ सालीं लष्करी परीक्षेंत तो वरच्या क्रमांकानें उत्तीर्ण झाला. एका परीक्षेंत मागें पडलेल्या मुलानें आपण कायमचेच मागें पडलों असें मानूं नये, एवढा बोध यांतून घेण्यास हरकत नाहीं.

त्याच वर्षाच्या अखेरीस, एकोणिसाव्या वर्षीं, ते घोडदळांतील अधिकारी म्हणून मुंबई बंदरांत उतरले आणि तेथून लखनौस गेले. पुढें हिंदुस्थान, अफगाणिस्तान व आफ्रिका येथें त्यांची नोकरी झाली. १८९७ सालीं मीरतेस एका घोडदळ पलटणीचे प्रमुख असतां त्यांनीं टेहळणीचें नवें शिक्षण सुरू केलें. शिपायांच्या लहान तुकड्या करून, प्रत्येकानें स्वतः पहावें, स्वतः विचार करावा, अशी त्यांची रीत होती. जो या कामांत तरबेज ठरे त्याच्या बाहीवर होकायंत्रांतील उत्तर दिशेच्या खुणेचा बिल्ला लागे. आजच्या बालवीराच्या चिन्हाचें हें पूर्वरूप होय. त्याचा उगम हिंदुस्थानच्या भूमींत झाला, हें आपण विसरूं नये.

१८९९ च्या ऑक्टोबरांत दक्षिण आफ्रिकेंत बोअर युद्ध पेटलें आणि मॅफेकिंग या लहान गांवास वेढा पडला. संरक्षणाचें काम बेडन-पॉवेल यांच्याकडे होतें. २१७ दिवस त्यांनीं गांव लढविलें. माणसें अपुरीं असल्यामुळें तेथील लहान मुलांचें एक पथक उभारण्यांत आलें. वॉर्नर गुडइयर नांवाचा मुलगा त्यांचा नायक होता. ही मुलें प्रथम गाढवांवर व नंतर सायकलींवर बसून, गोळ्यांची पर्वा न करितां, निरोप पोंचवीत. मुलावर खरी जबाबदारी टाकली तर तो ती पार पाडतो, हें तेथें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें.

१७ मे १९०० रोजीं वेढा उठला. इंग्लंडांत आनंदाला उधाण आलें, आणि त्रेचाळिसाव्या वर्षीं ते मेजर-जनरल झाले. परंतु या कीर्तीला दुसरी बाजू आहे. गांवाच्या संरक्षणांत बारोलाँग जमातीच्या आफ्रिकी लोकांचा मोठा वांटा होता, आणि उपासमारीचे सर्वांत अधिक हाल आफ्रिकी रहिवाशांनींच सोसले. शिधावाटपांत त्यांना गोऱ्यांहून हलकें व कमी अन्न मिळालें, याबद्दल पुढील इतिहासकारांनीं बेडन-पॉवेल यांना दोष दिला आहे.

शिपायांसाठीं टेहळणीवर त्यांनीं लिहिलेलें एक पुस्तक १८९९ सालीं प्रसिद्ध झालें होतें. १९०३ सालीं स्वदेशीं परतल्यावर त्यांना आढळलें कीं, शिक्षक व मुलें तें आवडीनें वाचीत आहेत. बॉइज ब्रिगेड या संस्थेचे संस्थापक विल्यम स्मिथ यांनीं तें मुलांसाठीं नव्यानें लिहिण्याचें सुचविलें. प्रथम प्रयोग व मग पुस्तक, असा त्यांचा बाणा. १९०७ च्या ऑगस्टांत पूल बंदरांतील ब्राउन्सी बेटावर त्यांनीं सुमारें वीस मुलांची छावणी भरविली. धनिकांच्या शाळांतलीं मुलें आणि कामकऱ्यांचीं मुलें त्यांनीं मुद्दाम एकत्र केलीं व लांडगा, बैल, कुररी आणि डोमकावळा या नांवांचे चार संघ पाडले. पहाटे कुडू हरणाच्या शिंगाच्या नादानें मुलें उठत. दिवसभर मागोवा काढणें, नौका वल्हविणें, बुडत्यास वांचविणें शिकत. आणि रात्रीं शेकोटीभोवतीं बसून गोष्टी ऐकत. संघाचा कारभार संघनायक मुलाच्याच हातीं असे. जन्म व पैसा यांच्या भिंती एका शेकोटीपुढें कशा वितळतात, हें त्या आठवड्यांत दिसून आलें.

पुढील वर्षीं त्यांचें पुस्तक सहा भागांत निघालें, आणि लेखकाची वाट न पाहतां मुलांनींच गांवोगांव संघ स्थापिले. १९०९ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें सुमारें अकरा हजार बालवीर जमले. त्यांत न बोलावतां आलेल्या कांहीं मुलीहि होत्या! १९१० मध्यें ते सैन्यांतून निवृत्त झाले, आणि त्याच सालीं भगिनी ॲग्नेस यांच्या साह्यानें मुलींसाठीं गर्ल गाईड संस्था निघाली. १९१२ सालीं त्यांचा विवाह ऑलेव्ह सोम्स यांच्याशीं झाला. त्यांनींहि पुढें गाईड संस्थेची धुरा वाहिली.

आतां बिल्ल्यांविषयीं दोन शब्द. बेडन-पॉवेल यांच्या योजनेंत बिल्ला हें बक्षीस नसून जबाबदारीची खूण आहे. आरंभीच्या काळीं दुसऱ्या वर्गाच्या बालवीरास दोनच काड्यांत लांकडांचा विस्तव पेटवावा लागे, भांड्यांवांचून मांस व दोन बटाटे शिजवून दाखवावे लागत, आणि बचतपेढींत निदान सहा पेन्स शिल्लक ठेवावे लागत. पहिल्या वर्गासाठीं पायीं सात मैल जाऊन परत येऊन प्रवासाचें टिपण लिहावें लागे. शिवाय एका नवशिक्यास स्वतः तयार करून आणावें लागे. ही अखेरची अट मला सर्वांत मोलाची वाटते. आपल्याला येतें तें दुसऱ्यास दिल्यावांचून आपण पुरे होत नाहीं, असा तिचा अर्थ. प्रथमोपचाराचा बिल्ला लावून जखमी माणसाजवळून जो निघून जातो, त्याच्या बाहीवर केवळ चिंधी आहे.

हिंदुस्थानांत ही चळवळ १९०९ सालीं बंगळुरास सुरू झाली. पण आरंभीं तिचीं दारें युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांनाच उघडीं होतीं. आमचीं मुलें संघटित झालीं तर राज्यास धोका होईल, असें सरकारास भय वाटे. मुलांवर विश्वास टाकणाऱ्या या शिक्षणास आमच्या मुलांवर मात्र विश्वास टाकवेना! तेव्हां ॲनी बेझंट यांनीं मद्रासेकडे स्वतंत्र संस्था काढली, आणि १९१८ सालीं अलाहाबादेस पंडित मदनमोहन मालवीय व हृदयनाथ कुंझरू प्रभृतींच्या पुढाकारानें सेवा समितीची बालवीर संस्था उभी राहिली. १९२१ सालीं बेडन-पॉवेल येथें आले, त्यानंतर ॲनी बेझंट यांची संस्था मूळ संस्थेंत मिळाली आणि भेदाची भिंत बरीचशी पडली. पण १९३७ च्या भेटीनंतर त्यांनीं भारतीयांच्या शीलाविषयीं अनुदार उद्गार काढले. त्यामुळें लोक दुखावले व १९३८ सालीं हिंदुस्थान स्काउट असोसिएशन ही निराळी संस्था निघाली. स्वातंत्र्यानंतर, ७ नोव्हेंबर १९५० रोजीं, भारत स्काउट्स आणि गाईड्स या नांवाखालीं एकी झाली. गुरूची चूक शिष्यांनीं आपल्या वर्तनानें दुरुस्त केली, असेंच म्हणावें लागेल.

१९२० सालीं लंडनांत पहिला जागतिक मेळावा भरला, तेव्हां जमलेल्या मुलांनीं बेडन-पॉवेल यांना जगाचे मुख्य बालवीर म्हणून जयघोष केला. आयुष्याचीं अखेरचीं वर्षें त्यांनीं केनियांतील न्येरी गांवीं काढलीं. तेथेंच ८ जानेवारी १९४१ रोजीं ते वारले. त्यांच्या समाधिशिलेवर एक वर्तुळ व त्याच्या मध्यें एक ठिपका आहे. रानांतील वाटेवर बालवीर ही खूण मागें ठेवितो, तिचा अर्थ, मी घरीं गेलों.

मित्रहो, वाटेवर खुणा ठेवून गेलेल्या माणसाची प्रत्येक खूण बरोबरच असेल असें नाहीं. मागून येणाऱ्यानें डोळे उघडे ठेवूनच चालावें. आणि पालकांस एवढीच विनंति कीं, मुलगा छावणीस जाण्याची परवानगी मागेल तेव्हां त्या विधवा मातेचें स्मरण करावें. भिजून, थकून, हात भाजून घेऊन तो परत येईल. पण आलेला मुलगा गेलेल्या मुलाहून थोडा मोठा झालेला असेल.