आधी पायी फिरणारा सल्लागार

इंदूरच्या एका दिवाळीची हकीकत अजून सांगितली जाते. शहरात प्लेगची दहशत होती. एका गोऱ्या पाहुण्याने होळकर दरबाराकडून एका दिवसाचे राज्य मागून घेतले आणि जाहीर केले, की यंदाची मिरवणूक ठरलेल्या मार्गाने जाणार नाही. जे रस्ते सर्वांत स्वच्छ दिसतील, त्यांवरूनच जाईल. झाले! घरोघरचा केर बाहेर निघाला, भिंतींना चुना लागला, उंदरांचे पिंजरे भरले. मिरवणुकीत प्लेगचा अजस्र उंदीर होता, हिवतापाचा डास होता आणि शुभ्र कपड्यांतले सफाई कामगार मानाने चालत होते.

हा पाहुणा म्हणजे पॅट्रिक गेडिस. बागा आणि मैदाने आखायला पालिकेने बाहेरचा सल्लागार नेमावा का, हा वाद आपल्याकडे गावोगाव रंगतो. तो कानावर आला की मला गेडिस आठवतो, कारण तो स्वतःच असा नेमलेला सल्लागार होता.

जन्म १८५४ चा, स्कॉटलंडमधला. वडील निवृत्त सैनिक आणि बागेचे वेडे. मुलगा दीडएक वर्ष बँकेत चिकटला, पण तिथे रमला नाही. (आम्ही काही जण जन्मभर राहिलो, तो भाग निराळा!) पुढे लंडनला हक्सले यांच्यापाशी जीवशास्त्र शिकला. १८७९ मध्ये मेक्सिकोत असताना त्याची दृष्टी काही काळ गेली. सूक्ष्मदर्शकाचे काम तेव्हापासून मागे पडले आणि रोपे पाहणारा हा माणूस हळूहळू माणसांच्या वस्त्या पाहू लागला. १८८६ साली ॲनाशी लग्न झाले आणि लवकरच हे जोडपे एडिंबरोच्या जुन्या, गलिच्छ वस्तीत राहायला गेले. शेजाऱ्यांबरोबर भिंती रंगवल्या, मोकळ्या कोपऱ्यांत फुलझाडे लावली. सल्ला देण्याआधी तिथे राहून पाहायचे, हा धडा तिथला.

मग डनफर्मलिनचे काम आले. कार्नेगी या धनाढ्याने आपल्या जन्मगावाला मोठी देणगी दिली होती आणि विश्वस्तांना उद्यानाचा आराखडा हवा होता. गेडिसने १९०४ साली जाडजूड ग्रंथच हाती ठेवला. त्यात बाग होतीच, शिवाय संग्रहालये होती, ओढ्याची सफाई होती, सगळ्या गावाचे भवितव्य होते. विश्वस्तांनी तो बाजूला ठेवला. दोष एकट्या त्यांचा नव्हता. मागितले किती आणि द्यायचे किती, याचा अंदाज गेडिसला कधीच आला नाही. बोलणेही दाढीतल्या दाढीत पुटपुटल्यासारखे.

१९१४ साली तो हिंदुस्थानात आला. त्याचे नगरप्रदर्शन घेऊन येणारे जहाज जर्मनांच्या एम्डेन युद्धनौकेने बुडवले. त्याने नवे साहित्य गोळा केले आणि १९१५ मध्ये मद्रासला प्रदर्शन भरवलेच. मग तंजावर, मदुरा, बडोदे, लाहोर अशी भ्रमंती सुरू झाली. सरळ रुंद रस्त्यासाठी सबंध आळी पाडायची, ही तेव्हाच्या अनेक अभियंत्यांची रीत. गेडिस गल्लीबोळांतून पायी हिंडे, विहीर कुठे, सावली कुठे, मुले कुठे खेळतात, ते पाही. पडकी घरे तेवढी काढा, त्या जागी झाड लावा, बसायला पार बांधा, असे सांगे. त्यात खर्च कमी आणि कुणाचा संसार उघड्यावर येत नसे. काही अधिकाऱ्यांना हे रुचत नसे.

१९१७ हे वर्ष काळे ठरले. मुलगा ॲलेस्डेर फ्रान्सच्या रणभूमीवर मारला गेला. ॲना तापाने अंथरुणाला खिळली होती; तिला ही बातमी त्याने कळू दिली नाही. काही आठवड्यांतच तीही कलकत्त्यात गेली. हे दुःख पोटात ठेवून त्याने पुढच्याच वर्षी इंदूरचा दोन खंडांचा अहवाल पूर्ण केला.

१९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग त्याने सुरू केला. गोविंद सदाशिव घुर्ये हे त्याचे विद्यार्थी. १९२४ मध्ये तो परतल्यावर विभागाची धुरा त्यांनी वाहिली. १९३२ साली त्याला सर ही पदवी मिळाली आणि त्याच वर्षी फ्रान्समधल्या माँपेलिए इथे तो वारला.

बँकेत असताना मी शेकडो प्रकल्प अहवाल चाळले. जागा न पाहता लिहिलेला अहवाल दोन पानांत ओळखू येई. त्यात आकडे चोख असत, पण चिखल नसे. आमच्या भागातल्या बागेतही असेच झाले. म्हाताऱ्या जिथे कडुनिंबाखाली बसत, नेमके तिथेच नकाशाने कारंजे काढले. आज कारंजे कोरडे आहे आणि म्हाताऱ्या घरी बसतात.

तेव्हा सल्लागार नेमावा का? जरूर नेमावा. बाहेरच्या डोळ्यांना आपल्या सवयीचे झालेले दिसते. पण आधी त्याला आपल्या गल्ल्यांतून पायी फिरवावे, म्हाताऱ्यांशी आणि मुलांशी बोलायला लावावे. आणि तो गेल्यावर झाडाला पाणी कोण घालणार, हे त्याला पैसे देण्याआधी आपले आपण ठरवावे. इंदूरकरांना मिरवणुकीचा मार्ग त्याने सुचवला खरा, पण केर काढला तो त्यांनीच.